मानसशास्त्रज्ञाची पहिली भेट

मानसिक त्रास, वर्तनविषयक अडचण किंवा जीवनातील एखादा पेच यांबाबत साहाय्य मिळावे म्हणून एखादी व्यक्ती चिकित्सामानसशास्त्रज्ञाकडे प्रथमच जाते, तेव्हा उभयतांमध्ये होणाऱ्या पद्धतशीर संभाषणास ‘पहिली भेट’ किंवा ‘प्राथमिक मुलाखत’ असे म्हणतात. साहाय्यासाठी येणाऱ्या व्यक्तीस ‘सल्लार्थी’ अशी संज्ञा आहे. सल्लार्थीची तक्रार समजून घेणे, तिचा उगम व विकास यांचा मागोवा घेणे, जिवास धोका आहे काय हे पाहणे आणि पुढील उपचारांची दिशा ठरविणे, ही या भेटीत मानसशास्त्रज्ञाची प्रमुख उद्दिष्टे असतात. सल्लार्थीच्या बाजूनेही ही भेट एक पारखच असते. ज्याच्यापुढे आपले अंतःकरण उघडे करावयाचे, तो विश्वासास पात्र आहे किंवा नाही हे त्याला याच वेळी अजमावयाचे असते.

शारीरिक आजारात रुग्णाच्या कथनाखेरीज नाडी, रक्तदाब, रक्ततपासणी, क्ष-किरण चित्र इ. पुरावा वैद्यास उपलब्ध असतो. मानसिक त्रासात मात्र त्रास भोगणाऱ्याचे स्वतःचे कथन हाच प्रमुख पुरावा होय. जे सांगितले जात नाही, त्यावर उपचारही होऊ शकत नाहीत. या कारणाने पहिल्या भेटीच्या पूर्वतयारीस विशेष महत्त्व आहे. भारतातील १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सु. १०·६ टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. उपचारांच्या सोयी अपुऱ्या आहेत, हे याचे एक कारण; परंतु लोकलज्जा, ‘वेडा’ ठरविले जाण्याची भीती आणि तेथे गेल्यावर नेमके काय घडते याविषयीचे अज्ञान यांमुळेही पुष्कळ लोक दारापर्यंत जाऊन परततात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : लाइटनर विटमर (१८६७–१९५६) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९६ मध्ये पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. त्याच्याकडे आलेले पहिले प्रकरण एका १४ वर्षांच्या मुलाचे होते. त्याला शब्दांचे शुद्ध लेखन काही केल्या जमत नाही, म्हणून त्याच्या शिक्षिकेने त्याला आणले होते. तपासणीत मुलाच्या दृष्टीत दोष आढळला आणि चष्मा दिल्यावर त्याला शिकविणे सुकर झाले. तक्रार एका ठिकाणी आणि तिचे निदान एक कारण दुसऱ्याच ठिकाणी असू शकते, हा धडा या पहिल्याच प्रकरणातून मिळाला.

मनोविश्लेषणाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याने १९१३ मध्ये उपचारांच्या प्रारंभाविषयी एक निबंध लिहिला. बुद्धिबळाच्या डावाप्रमाणे मनोविश्लेषणातही प्रारंभीच्या व अखेरीच्या खेळींचेच काही पद्धतशीर वर्णन करता येते, असे त्याचे म्हणणे होते. आरंभीचे एकदोन आठवडे रुग्णास केवळ परीक्षणार्थ घ्यावे, असेही त्याने सुचविले. याच निबंधात त्याने पूर्वतयारीविषयी एक सावधगिरीचा इशारा दिलेला आहे : काही रुग्ण काय बोलायचे ते आधीच काळजीपूर्वक ठरवून येतात, वेळेचा सदुपयोग हे त्याचे दिसणारे कारण असले, तरी प्रत्यक्षात नको असलेला विचार अवचित पुढे येऊ नये यासाठीची ती तटबंदी असते. आजच्या बहुतेक उपचारपद्धती फ्रॉइडच्या पद्धतीहून भिन्न आहेत आणि त्यांत थोडी पूर्वतयारी उपयुक्तच मानतात. तथापि हा इशारा अद्यापि विचारात घेण्याजोगा आहे. तयारी स्मरणाची असावी, पाठांतराची नसावी, असे त्याचे तात्पर्य सांगता येईल.

आडोल्फ मायर (१८६६–१९५०) याने रुग्णाच्या आयुष्यातील घटना आणि त्याचे आजार कालक्रमाने एकाच तक्त्यात मांडण्याची ‘जीवनालेख’ पद्धती रूढ केली. हॅरी स्टॅक सलिव्हन (१८९२–१९४९) याच्या मते मुलाखत घेणारा हा तटस्थ प्रेक्षक नसून सहभागी निरीक्षक असतो. मुलाखतीवरील त्याची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९५४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कार्ल रॉजर्स (१९०२–८७) याने १९४२ मधील आपल्या ग्रंथात ‘रुग्ण’ या शब्दाऐवजी ‘सल्लार्थी’ या अर्थाची संज्ञा पुरस्कारिली आणि आपल्या अडचणीचा सर्वांत जवळचा जाणकार सल्लार्थी स्वतःच असतो, या विचारास बळ दिले. भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्ता येथे १९२२ मध्ये मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. बंगलोर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली व तेथे चिकित्सामानसशास्त्राच्या प्रशिक्षणाचा पाया घातला गेला. या संस्थेतूनच पुढे १९७४ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्था (निम्हान्स) उदयास आली. [⟶ चिकित्सामानसशास्त्र, मनोविश्लेषण].

कोणाकडे जावे : मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सामानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांच्या कार्यक्षेत्रांत पुष्कळदा गल्लत केली जाते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून त्याने मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते. तो औषधे देऊ शकतो. चिकित्सामानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रीय चाचण्या व संभाषणाधिष्ठित उपचार करतो. भारतात त्यास औषधे लिहून देण्याचा अधिकार नाही. त्याची नोंद १९९२ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या पंजीत असावी लागते आणि त्याच्या शिक्षणात देखरेखीखालील रुग्णालयीन प्रशिक्षण अंतर्भूत असते. समुपदेशक हा विवाह, शिक्षण, व्यवसाय इ. विषयांतील अडचणींबाबत साहाय्य करतो. मात्र या नावाखाली काम करणाऱ्यांचे शिक्षण एकसारखे नसते. म्हणून भेट ठरविताना पदवी, नोंदणी व अनुभव यांविषयी विचारणा करणे, हा सल्लार्थीचा हक्कच आहे. त्यात उद्धटपणा नाही.

भ्रम किंवा भास होणे, कित्येक रात्री झोपेविना जाऊनही उत्साह ओसंडून वाहणे, खाणेपिणे सुटणे अशा लक्षणांत प्रथम मनोविकारतज्ज्ञास भेटणे योग्य. दीर्घकालीन चिंता, भयगंड, सौम्य ते मध्यम अवसाद, शोक, नात्यांतील ताण, मुलांच्या अध्ययनातील अडचणी इ. बाबतींत मानसशास्त्रज्ञापासून प्रारंभ करता येतो. कित्येकदा दोघांचेही साहाय्य आवश्यक असते. प्रारंभ चुकीच्या दारापासून झाला, तरी योग्य व्यक्तीकडे पाठविणे हे पहिल्या भेटीचे एक कार्यच असल्याने तो प्रयत्न वाया जात नाही.

महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये असून गोव्यात बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतात आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतूनही ही सेवा दिली जाते. अशा ठिकाणी बाह्यरुग्ण विभागात आधी केसपेपर काढावा लागतो. प्रथम डॉक्टर तपासतात आणि मग आवश्यकतेनुसार मानसशास्त्रज्ञाकडे पाठवितात. गर्दीमुळे पहिल्या दिवशी मिळणारा वेळ थोडा असू शकतो. त्यामुळे खाजगी चिकित्सालयापेक्षाही अशा ठिकाणी आधी करून ठेवलेल्या टिपणाचा उपयोग अधिक होतो.

भेट ठरविताना : दूरध्वनीवरून भेटीची वेळ ठरविताना सर्व हकीकत सांगण्याची आवश्यकता नसते, त्रासाचे स्वरूप एकदोन वाक्यांत सांगणे पुरेसे होते. शुल्क किती, भेट किती वेळाची, ती रद्द करावयाची झाल्यास किती आधी कळवावे, संभाषण मराठीतून होऊ शकेल काय आणि सोबत कोणी यावे किंवा कसे, या गोष्टी मात्र त्याच वेळी विचारून घ्याव्यात. यांपैकी भाषेचा प्रश्न दुय्यम समजू नये. व्यवहार इंग्रजीतून करणाऱ्या व्यक्तीलाही राग, लाज, दुःख हे बहुधा मातृभाषेतच नेमकेपणाने सांगता येतात. २०२० च्या करोना साथीपासून दूरस्थ भेटींचा प्रसार झाला असून परप्रांतांत व परदेशांत राहणाऱ्या मराठी भाषकांना त्यायोगे स्वभाषेतून साहाय्य मिळविणे काहीसे सुलभ झाले आहे. अशा दूरस्थ भेटीसाठी घरातील इतरांच्या कानांआड असलेली जागा हीच पहिली तयारी होय.

टिपण : भेटीच्या आधी दोनतीन दिवस सवडीने एखाद्या कागदावर पुढील गोष्टी थोडक्यात नोंदवून ठेवल्यास स्मरणास मदत होते.

(१) त्रासाचे स्वरूप व काळ : ‘मला टेन्शन आहे’ किंवा ‘मन लागत नाही’ एवढ्या विधानावरून फारसा बोध होत नाही. उलट ‘गेल्या दिवाळीपासून पहाटे तीनला जाग येते व पुन्हा झोप लागत नाही, कामावर जाताना बसमध्ये छाती धडधडते, दोनदा वाटेतूनच घरी परतलो’ असे सांगितल्यास त्रासाचा प्रारंभ, वारंवारता, प्रसंग आणि दैनंदिन जीवनावरील परिणाम हे चारही मुद्दे उजेडात येतात. झोप, भूक, वजन, एकाग्रता आणि कामाचा उरक यांत पडलेला फरकही टिपावा.

(२) आयुष्यातील घटना : त्रास सुरू होण्याच्या सुमारास घडलेले मृत्यू, विवाह, बाळंतपण, बदली, नोकरी जाणे, कर्ज, नापिकी, परीक्षा, कोर्टकचेरी इ. प्रसंग कालक्रमाने नोंदवावेत. दोहोंचा संबंध आहेच असे ठरवून टाकू नये. ते पारखणे हे मुलाखतीचे काम आहे.

(३) औषधे व शारीरिक आजार : चालू असलेल्या सर्व औषधांची नावे व मात्रा लिहून न्याव्यात किंवा औषधांची पाकिटेच सोबत घ्यावीत. अवटू ग्रंथीचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव व रक्तक्षय यांमुळे अवसादासारखी किंवा चिंतेसारखी लक्षणे उद्‌भवू शकतात, तर स्टेरॉइडे व इतर काही औषधे यांनीही मनःस्थितीत बदल होतो. अलीकडचे तपासणी अहवाल यासाठी उपयोगी पडतात. भेटीपूर्वी आपण होऊन कोणतेही औषध बंद करू नये.

(४) व्यसने : दारू, तंबाखू, मिश्री, झोपेच्या गोळ्या इत्यादींचे खरे प्रमाण नोंदवावे. ते कमी करून सांगितल्यास निदान चुकण्याचा संभव असतो. शिवाय दीर्घकालीन मद्यपान एकाएकी थांबविणे हे जिवावर बेतू शकत असल्याने उपचारांच्या दृष्टीनेही ही माहिती महत्त्वाची असते.

(५) पूर्वीचे उपचार : यांत डॉक्टर, वैद्य आणि समुपदेशक यांच्याबरोबरच देवऋषी, भगत, अंगारे, नवस, दर्ग्याची वारी यांचाही उल्लेख करावा. अनेक सल्लार्थी हा भाग लाजेपोटी वगळतात. वस्तुतः कुटुंब या त्रासाकडे कोणत्या दृष्टीने पाहते आणि कोणत्या उपायाने थोडा तरी दिलासा मिळाला, हे मानसशास्त्रज्ञास यावरून कळते.

(६) कौटुंबिक वृत्तांत : रक्ताच्या नात्यात कोणास मानसिक आजार, आत्महत्या, फेपरे किंवा व्यसन यांचा इतिहास असल्यास तो घरातील वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्यावा.

(७) अपेक्षा : ‘या भेटीतून काय मिळाले, तर येण्याचे सार्थक झाले असे वाटेल?’ या प्रश्नाचे उत्तर शक्य तर एका वाक्यात लिहावे. ‘पुन्हा वर्गावर उभे राहता यावे’ किंवा ‘मुलावर हात उचलणे थांबावे’ यांसारखे साधे व मोजता येण्याजोगे उद्दिष्ट पुढील सर्व उपचारांना दिशा देते.

हे सर्व एका पानात मावावे. संपूर्ण आत्मचरित्र लिहून नेण्याचे कारण नाही. टिपण वाचून दाखविले तरी चालते. बोलणे सुचेनासे झाल्यास ते मानसशास्त्रज्ञाच्या हाती दिले तरीही चालते. त्यात तारखा, औषधे व घटना असाव्यात. त्यांविषयी काय वाटते, ते मात्र त्या क्षणी सुचेल तसे बोलण्यासाठी मोकळे ठेवावे. रडू आले, बोलणे विस्कळीत झाले किंवा मध्येच काही आठवेनासे झाले, तर तयारी फसली असे मानण्याचे कारण नाही.

शब्द व देहभाषा : मानसिक त्रास पुष्कळदा शरीराच्या भाषेत व्यक्त होतो. डोके जड होणे, डोक्यात मुंग्या येणे, अंगात कसर वाटणे, पोटात गोळा उठणे, जीव घाबरा होणे, हातपाय गळून जाणे, धसका बसणे हे मराठीतील नित्याचे वाक्प्रचार वैद्यकीय संज्ञांइतकेच अर्थवाही आहेत. ‘डिप्रेशन’, ‘अँग्झायटी’, ‘पॅनिक’ असे नाव आधीच देऊन बोलण्यास प्रारंभ केला, तर ऐकणाऱ्यास त्या नावामागचा अनुभव कळत नाही. कोठे तरी वाचलेले निदान सांगण्यास हरकत नाही. परंतु ते कशावरून वाटले हे आपल्या शब्दांत सांगणे अधिक उपयुक्त ठरते.

नातेवाइकांचा सहभाग : भारतात सल्लार्थी बहुधा एकटा येत नाही. आई, पती, थोरला भाऊ, सासू किंवा शेजारी यांपैकी कोणी तरी सोबत असते. लहान मुले, गंभीर विकारांचे रुग्ण व स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध यांच्या बाबतीत नातेवाइकांचे कथन अत्यावश्यक असते. इतरत्र मात्र नातेवाईकच सर्व बोलतात आणि ज्याला त्रास आहे तो खाली मान घालून बसतो, असे दृश्य अनेकदा दिसते. ‘ही घरात नीट बोलत नाही’ अशी तक्रार घेऊन सुनेला आणले जाते आणि तिला घरात बोलू दिले जात नाही, हे तिला एकटीला विचारल्यावरच समजते. या कारणाने भेटीचा काही भाग सल्लार्थीशी एकांतात व्हावा, असा संकेत आहे. तशी विचारणा झाली नाही, तर ‘थोडा वेळ एकट्याने बोलायचे आहे’ असे सल्लार्थीने सांगावे. नातेवाइकांनीही हे अविश्वासाचे लक्षण समजू नये. सोबत कोण येणार आणि ती व्यक्ती केव्हा बाहेर थांबणार, हे घरून निघतानाच ठरविले, तर आयत्या वेळचा संकोच टळतो.

भेटीचे स्वरूप : पहिली भेट साधारणतः ४५ ते ६० मिनिटे चालते, मुलांच्या मूल्यमापनास एकाहून अधिक बैठका लागतात. प्रारंभी नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, कुटुंब यांची नोंद होते. त्यानंतर ‘येण्याचे कारण काय?’ असा खुला प्रश्न विचारला जातो. पुढे बालपण, शिक्षण, विवाह, कामधंदा, आजार, छंद यांविषयी विचारणा होते. काही प्रश्न विषयाशी असंबद्ध वाटतात. उदा., आजचा वार कोणता, शंभरातून सात वजा करीत जाणे, एखाद्या म्हणीचा अर्थ सांगणे. हा मनःस्थितिपरीक्षणाचा नेहमीचा भाग असून त्यायोगे अवधान, स्मृती व विचारशक्ती यांचा अंदाज घेतात. यात उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण होण्याचा प्रश्न नसतो.

काही वेळा छापील प्रश्नावली भरून घेतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व सर्वत्र वापरात असलेल्या नऊ प्रश्नांच्या ‘पीएचक्यू-९’ या अवसाद-मापिकेत मागील दोन आठवड्यांतील त्रासाची वारंवारता ० ते ३ अंकांत नोंदवितात. गुणांची कमाल बेरीज २७ होते. चिंतेसाठी सात प्रश्नांची अशीच एक मापिका २००६ मध्ये तयार झाली. अशा मापिकांवरील गुण म्हणजे निदान नव्हे; त्रासाची तीव्रता आणि पुढे उपचारांनी पडणारा फरक मोजण्याचे ते साधन होय. बुद्धिमापन, शाईच्या डागांची रॉर्शाक चाचणी इ. चाचण्या आवश्यकता भासल्यास नंतरच्या बैठकीत घेतात. चाचणी कशासाठी आहे आणि तिचा निष्कर्ष कोणास कळविला जाईल, हे विचारता येते. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याची मनाची तयारी झालेली नाही, त्याबाबत ‘हे आज सांगता येणार नाही’ असे म्हणणे हे खोटे उत्तर देण्यापेक्षा केव्हाही चांगले. कारण तेथे काही आहे, एवढे तरी त्यावरून कळते. [⟶ मानसशास्त्रीय कसोट्या].

गोपनीयता : सांगितलेले बाहेर फुटेल काय, ही शंका सर्वसाधारण आहे आणि लहान गावात तर ती अधिकच तीव्र असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला असून त्याच्या कलम २३ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस गोपनीयतेचा अधिकार आहे. मात्र या अधिकारास काही अपवाद आहेत. इतर उपचारकांना आवश्यक ती माहिती देणे, कोणाच्या जीवितास असलेला धोका टाळणे, दुसऱ्या व्यक्तीस होऊ शकणारी इजा रोखणे, न्यायालयाचा आदेश यांसारख्या प्रसंगी मर्यादित माहिती उघड करता येते. तसेच १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या अधिनियमानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे. चांगला मानसशास्त्रज्ञ या मर्यादा आरंभीच समजावून सांगतो. त्याने न सांगितल्यास त्या विचारून घेऊन मगच पुढे बोलावे. कामावरील वरिष्ठांनी, शाळेने किंवा न्यायालयाने पाठविलेल्या व्यक्तीने अहवाल कोणाकडे जाणार व त्यात काय लिहिले जाणार, हे अवश्य विचारावे. आपल्या उपचारविषयक नोंदी पाहण्याचा अधिकारही उपर्युक्त अधिनियमाच्या कलम २५ ने दिलेला आहे.

सांगण्यास कठीण गोष्टी : मृत्यूचे किंवा आत्महत्येचे विचार, स्वतःस इजा करणे, लैंगिक अडचणी, बालपणीचा अत्याचार, घरातील मारहाण, विवाहबाह्य संबंध, मनात येणारे किळसवाणे किंवा हिंसक विचार या बाबी बहुधा अखेरच्या पाच मिनिटांत, उठता उठता सांगितल्या जातात किंवा मुळीच सांगितल्या जात नाहीत. उपचारांच्या दृष्टीने याच बहुधा सर्वांत महत्त्वाच्या असतात. मनाविरुद्ध वारंवार येणारे भीतिदायक विचार हे ‘आपण वाईट आहोत’ याचे लक्षण नसून पुष्कळदा ते कल्पना-क्रियानिर्बंध विकाराचे लक्षण असते व त्यावर परिणामकारक उपचार आहेत. आत्महत्येविषयी मानसशास्त्रज्ञ स्पष्टपणे विचारतो. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. उलट अनेकांना त्या प्रश्नाने सुटका झाल्यासारखे वाटते. ‘जगू नये असे वाटते’ असे सांगितल्याबरोबर रुग्णालयात डांबले जाईल, ही भीतीही अनाठायी होय. विचार केवळ येतो, की त्याची योजना व साधनेही हाताशी आहेत, यांत मोठा फरक असतो आणि तो समजून घेऊन सुरक्षिततेचे उपाय सल्लार्थीबरोबरच ठरविले जातात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे व तिला त्याबद्दल शिक्षा करू नये, असे २०१७ च्या अधिनियमाचे कलम ११५ सांगते. तिची काळजी घेणे व तिचे पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविलेले आहे. तोंडाने उच्चारणे अशक्य वाटणारी गोष्ट टिपणाच्या अखेरीस एका ओळीत लिहून ते टिपण आरंभीच देणे, हा एक साधा उपाय आहे.

भेटीची अखेर : निरोप घेण्यापूर्वी चार गोष्टी सल्लार्थीस कळल्या पाहिजेत : त्याच्या त्रासाविषयी मानसशास्त्रज्ञाचे प्राथमिक मत काय आहे, कोणता उपचार सुचविला आहे व का, अंदाजे किती बैठका लागतील, आणि दरम्यान त्रास वाढल्यास काय करावे. पहिल्याच भेटीत निश्चित निदान होईल किंवा त्रास निवळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. कित्येकांना मन हलके वाटते. काहींना जुन्या जखमा उघड्या झाल्यामुळे त्या रात्री अधिक अस्वस्थ वाटते. दोन्ही अनुभव स्वाभाविक आहेत. भेटीनंतर लगेच गर्दीच्या कामात न शिरता तासाभराची मोकळीक ठेवणे हितावह असते.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारसंबंधाची तीन अंगे सांगितली : उद्दिष्टांविषयी एकमत, करावयाच्या कामाविषयी एकमत आणि परस्परांतील जिव्हाळा. हा संबंध जितका दृढ, तितका उपचारांचा परिणाम चांगला, असे पुढील संशोधनात सातत्याने आढळून आले आहे. म्हणून ‘ऐकून घेतले गेले काय?’, ‘लाज वाटेल असे काही बोलले गेले काय?’, ‘उपदेशाचाच भडिमार झाला काय?’ हे प्रश्न सल्लार्थीने स्वतःस विचारावेत. काही खटकले असल्यास ते दुसऱ्या भेटीत सांगून पाहावे. पुष्कळदा त्यातूनच विश्वास निर्माण होतो. तरीही मन जुळले नाही, तर मानसशास्त्रज्ञ बदलणे यात गैर काही नाही. मात्र एका व्यक्तीशी जुळले नाही म्हणून उपचारांवरच फुली मारणे योग्य नव्हे. जोशुआ स्विफ्ट व रॉजर ग्रीनबर्ग यांनी २०१२ मध्ये ६६९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यानुसार सु. २० टक्के, म्हणजे पाचांपैकी एक सल्लार्थी उपचार अर्ध्यावर सोडतो. न सांगता गळणाऱ्या अशा व्यक्तींची गैरसोय, शंका किंवा नाराजी काय होती, हे उपचारकास कधीच कळत नाही.

तातडीचे प्रसंग : आत्महत्येची निश्चित योजना, विष किंवा शस्त्र जवळ बाळगणे, भासांच्या आज्ञेवरून वागणे, अन्नपाणी सोडणे, प्रसूतीनंतर आईच्या वागण्यात एकाएकी पडलेला विलक्षण फरक अशा स्थितीत ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये व टिपण करीतही बसू नये. रुग्णास एकटे न सोडता नजीकच्या रुग्णालयात न्यावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो व तो मराठीतूनही उपलब्ध आहे.

सारांश, पहिल्या भेटीची तयारी म्हणजे निर्दोष निवेदनाची जुळवाजुळव नव्हे. तारखा, औषधे व घटना कागदावर उतरवून ठेवल्या, की त्या आठवण्याच्या ओझ्यातून मन मोकळे होते आणि जे आजवर कोणाजवळ बोलले गेले नाही, त्यास वाट मिळते. तेवढी वाट करून देणे हाच या तयारीचा हेतू होय.